पेन्ड्रॅगनची तिसरी फैर

‘पेन्ड्रॅगन’, ग्रँड हार्बर, माल्टा
११ मार्च १९३०

प्रिय रूबेन,

काल कस्टम हाऊसच्या पायऱ्यांवर तू मला ओळखलंस. ओळखलंस हे मला ठाऊक आहे, कारण तू टोपी पुढे ओढलीस आणि समोरची होडी सोडून मागच्या होडीत जाऊन बसलास. त्यावरून त्या दोन होडीवाल्यांची जुंपली, तेही मी पाहिलं. मी हाक मारली नाही. बरोबर बँडमधली माणसं होती. इतक्या वर्षांनी दिसलेल्या भावाला चारचौघांत हाक मारायची आणि त्याने मान फिरवायची, हे मला झेपलं नसतं.

तुझ्या जर्सीवर ‘टीझल’ लिहिलेलं होतं, म्हणून पत्ता मिळाला. आमच्या सरावाची निशाणं ओढणाऱ्या टगबोटीवर आहेस तर.

आधीच सांगतो, म्हणजे पत्र इथेच फाडायचं असेल तर तू मोकळा होशील. घरी चल म्हणायला मी लिहीत नाहीये. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, त्यावर मला जे म्हणायचं होतं ते मी तेव्हाच तुझ्या जुन्या पत्त्यावर लिहिलं होतं. डॉर्कस अजून गॉसपोर्टलाच आहे, त्याच घरात. लोकांचे कपडे धुते, इस्त्री करते. आईला जाऊन सहा महिने झाले नव्हते आणि बाबांनी हिला घरात आणलं, हे तुझं म्हणणं खरंच होतं. तू अठरा वर्षांचा होतास, पिशवी उचललीस आणि गेलास. मी दहा वर्षांचा होतो. सकाळी माझ्या बुटांची नाडी कुणीतरी बांधायला हवी होती. ती तिने बांधली. म्हणून मी तिला आई म्हणतो. तू म्हणावंस असा माझा आग्रह नाही.

ती दर पत्रात एकच विचारते, “रूबेनचं काही कळलं का?” या वेळी मी ‘हो’ लिहिणार आहे. तेवढं तुला कळवायचं होतं.

तुला वाटत असेल, मी फक्त क्लॅरिनेट वाजवतो. वाजवतोच. अधिकारी जेवायला बसले की आम्ही शेजारच्या मोकळ्या जागेत बसून वाजवतो, आणि त्यांचं पुडिंग संपेपर्यंत आमचा कोको गार होतो. पण तोफा चालवायच्या दिवशी बँडचं काय करतात, ते तुला टगवरून दिसत नसणार. वाद्यं पेट्यांत बंद होतात आणि आम्हाला जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली, एका खोलीत उतरवतात. जाड पोलादाची दारं. तिथे बिलियर्डच्या टेबलाएवढं एक यंत्र आहे, सगळं चाकं, साखळ्या, काटे, आणि वर हळूहळू सरकणारा कागद. आपलं जहाज कुठे चाललंय, समोरचं कुठे, वारा कसा आहे, हे त्याच्यात भरायचं. गोळा पोचेल तेव्हा समोरचं जहाज कुठे असेल, ते यंत्र सांगतं. आम्ही प्रत्येकाने एकेक हँडल धरायचं आणि एक काटा दुसऱ्या काट्यावर ठेवत राहायचं.

कॉर्पोरल टॅप्सेल आमचा मुकादम. ट्रॉम्बोन वाजवतो. तो म्हणतो, “हे काम बँडवाल्यांनाच का दिलं सांगू? मास्तरच्या काठीवर वाजवायची सवय लागलेला माणूस स्वतःचं डोकं चालवत नाही.”

उत्तर दे, नाही तर देऊ नकोस.

तुझा,
अल्बन

‘पेन्ड्रॅगन’, समुद्रावर
२ एप्रिल १९३०

प्रिय रूबेन,

उत्तर नाही. ठीक आहे. डॉर्कसला कळवलंय. तू धडधाकट आहेस आणि दाढी ठेवली आहेस, एवढंच लिहिलं. ती खूश आहे. तब्येत बरी आहे तिची.

या आठवड्यात लहान तोफांची परीक्षा झाली आणि मला मोठ्या तोफांच्या घुमटात, म्हणजे त्या ज्यात बसवतात त्या फिरत्या पोलादी खोलीत, जायला मिळालं. स्पर्लिंग नावाचा पेटी ऑफिसर आहे, पुढच्या घुमटाचा प्रमुख. आम्हाला बघितलं की म्हणतो, “आले तुतारीवाले. आज शत्रूला कुठली चाल ऐकवणार?” त्याच्या मुलीच्या बारशाला आम्ही तिघांनी फुकट वाजवलं, त्याची परतफेड म्हणून त्याने मला आत घेतलं.

तू गोळे पडताना पाहिले आहेस, पण निघताना पाहिले नसशील. एक तोफ म्हणजे आडवं पडलेलं कारखान्याचं धुराडं समज. गोळा माणसाच्या छातीएवढा उंच, वजन एका घोड्याहून जास्त. तो खालच्या कोठारातून पिंजऱ्यात बसून वर येतो, त्याच्या मागोमाग दारूच्या पिशव्या. पिशव्या रेशमाच्या आहेत. मी हसलो तर स्पर्लिंग म्हणाला, “हसतोस कशाला? रेशीम सबंध जळतं. सुती कापडाची जळकी चिंधी तोफेत राहिली, तर पुढच्या पिशव्या त्यावरच पेटतील आणि तू मी दोघंही छतावर दिसू.” पाण्याच्या दाबावर चालणारा साखळीचा दांडा गोळा आत ठासतो, मग पिशव्या. मग पाठीमागचं दार फिरून बंद होतं. इतकं जड दार, पण आवाज कपाट लावल्यासारखा. मग दिवा लागतो, तोफ तयार.

आणि इथे गंमत आहे. घुमटातली माणसं तोफ उडवतच नाहीत. त्यांना समुद्र दिसतही नाही. वर, मस्तुलाच्या जवळ, एका छोट्या माचीवर दोघं-तिघं दुर्बिणींना डोळे लावून बसलेले असतात. एक जण दुर्बीण निशाणावर वळवत राहतो. ती जिकडे वळेल तिकडे सगळ्या घुमटांतले काटे वळतात, आणि माणसं तोफा त्या काट्यांबरोबर फिरवतात. दुसऱ्याच्या हातात चाप. घंटा दोनदा वाजते, तो चाप ओढतो, आणि सगळ्या तोफा एकदम उडतात. खाली आमच्या खोलीत तेव्हा छताच्या रंगाचे पापुद्रे अंगावर पडतात. पोटात कुणी गुद्दा मारल्यासारखं वाटतं. मग सगळं शांत. गोळा हवेत असतो, तेवढ्यात टॅप्सेल नाकातल्या नाकात एक सबंध कडवं म्हणतो. कडवं संपलं की वरून नळीतून आवाज येतो, “अलीकडे पडला,” नाही तर “पलीकडे.” आम्ही काटे सरकवतो.

माझ्याकडे दोन कामं. वरची दुर्बीण कोणत्या दिशेला आहे, त्याची पेन्सिलीची रेघ माझ्यासमोर कागदावर उमटत जाते. तिच्यावर नजर ठेवायची. आणि डाव्या-उजव्याचं हँडल माझ्या हातात. मी ते फिरवलं की पंधरा इंची आठही तोफा तेवढ्या बाजूला सरकतात. क्लॅरिनेटमधून असं काही करता येत नाही, कबूल.

आणि या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला तू. तारेच्या दोराने निशाणाचा तराफा ओढत चाललेला. मजेशीर वाटतं. म्हणजे मजेशीर नाही. लिहावंसं वाटलं.

अल्बन

‘पेन्ड्रॅगन’, ग्रँड हार्बर
२६ एप्रिल १९३०

रूबेन,

पार्सल माझ्याकडून नाही, डॉर्कसकडून आहे. मोजे आणि गळपट्टा. माप बाबांच्या मोज्यांवरून घेतलंय, तुला बसतील. तिने चिठ्ठी घातलेली नाही. दोनदा लिहिली आणि फाडली म्हणते.

मागच्या पत्रात मी तिची तब्येत बरी आहे असं लिहिलं होतं. ती हिवाळाभर खोकत होती. शेजारची मिसेस गॅन्ट लिहिते की धुण्याच्या वाफेतून उठून थंडीत बाहेर जाते, म्हणून. आता उन्हाळा येतोय, कमी होईल.

मोठी परीक्षा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आहे. आख्ख्या वर्षाचं आमचं नाव त्या एका सकाळवर ठरतं. सगळ्या जहाजांचे निकाल शेजारी शेजारी लागतात, आणि शेवटच्या नंबरवाल्यांना किनाऱ्यावर तोंड दाखवायची सोय राहत नाही. लेफ्टनंट अ‍ॅव्हरिल आमच्या खोलीचे प्रमुख आहेत. माणूस सरळ आहे, आवाज चढवत नाही. पण हल्ली ते जेवताना काट्या-चमच्याने टेबलावर वक्ररेषा काढतात, असं वाढपी सांगतो. पूर्ण दारू, पूर्ण वजनाचे गोळे. आत स्फोटक नसतं, तेवढीच सूट. फक्त लोखंड.

काल यादी लागली. तराफा ‘टीझल’ ओढणार आहे.

टॅप्सेलला सांगितलं, माझा भाऊ त्या टगवर आहे. तो म्हणाला, “मग नीट वाजव.”

तू कुठे उभा असतोस? दोराजवळ की पुढे? हे तेवढं लिहून कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

अल्बन

‘पेन्ड्रॅगन’, ग्रँड हार्बर
९ मे १९३०

प्रिय रूबेन,

हे पत्र बिघीच्या हॉस्पिटलात पोचवायला इथला धर्मगुरू घेऊन जातोय. मी भेटायला परवानगी मागितली होती. चौकशी संपेपर्यंत कुणीही जहाज सोडायचं नाही.

तुझ्या हाताचं कळलं. तीन बोटं, आणि मनगटाचं अजून सांगता येत नाही, असं धर्मगुरू म्हणाला. शुद्धीवर आहेस, सूप प्यायलास, हेही सांगितलं. टगवरचे बाकी सगळे ठीक आहेत म्हणे.

काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आम्हाला खाली काही दिसत नाही. फैर भलत्या जागी पडली. वर धूर होता. चौकशीत निघेल काय ते.

डॉर्कसला तार केली आहे. घाबरेल अशी केली नाही.

तुला काही लागलं तर या धर्मगुरूजवळ सांग. माणूस बरा आहे, जरा जास्त बोलतो.

तुझा,
अल्बन

‘पेन्ड्रॅगन’, ग्रँड हार्बर
१८ मे १९३०

प्रिय रूबेन,

मागच्या पत्रात खोटं काही नव्हतं, पण अर्धंच होतं. चौकशी काल संपली, म्हणून आता सगळं लिहितो. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

पहिल्या दोन फैरी चांगल्या गेल्या. पहिली जरा अलीकडे, दुसरी तराफ्याच्या दोन्ही बाजूंना. वरून नळीतून कुणीतरी “शाबास” म्हणालं, जे कधी होत नाही. अ‍ॅव्हरिलसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग वारा पडला. आमच्याच तोफांचा धूर माचीसमोर लोंबकळत राहिला. वरच्यांना थोडा वेळ काही दिसलं नाही, ते आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की कागदावरची माझी रेघ एका बाजूला उडाली.

समज, तू शांतपणे वहीत ओळ ओढत चालला आहेस आणि कुणी कोपराला धक्का मारला. तशी. फक्त परत पहिल्या जागेवर आली नाही. डावीकडे सरकली आणि तिथूनच पुढे नीट चालू लागली.

तराफा डावीकडे चालला होता. तराफ्याच्या डावीकडे काय असतं, ते तुला सांगायला नको.

मी म्हणालो, “साहेब, रेघ उडाली.”

ते दुसऱ्या काट्याकडे बघत होते. म्हणाले, “जहाज डोललं असेल. मधून सरळ ओढून घे.”

“डोललं असतं तर परत आली असती, साहेब. माची दुसऱ्याच कशावर तरी लागली आहे.”

“पेस्कॉट, काट्याकडे बघ.”

मी काट्याकडे बघितलं. सगळे दिवे लागले होते. आठही तोफा तयार. नळीतून पल्ला विचारत होते, टॅप्सेल उत्तर देत होता. धुरातून बाहेर आल्यावर दुर्बिणीत जी पहिली काळी वस्तू दिसली तीच निशाण, असं वरच्या माणसाने धरलं होतं. ती ‘टीझल’ होती. हे आज मी खात्रीने लिहितो. तेव्हा खात्री नव्हती. तेव्हा फक्त एक पेन्सिलीची रेघ होती.

मी ओरडायला हवं होतं. ओरडलो असतो तर कदाचित कुणीतरी थांबलं असतं. पण मी आवाज केला नाही. मी हँडल उजवीकडे फिरवलं.

टॅप्सेल माझ्या शेजारीच होता. त्याने माझा हात पाहिला, मग माझं तोंड पाहिलं, आणि नजर परत आपल्या काट्यावर नेली. हँडल जड आहे, हळूहळू फिरवण्यासाठीच बनवलंय. रेघ जेवढी उडाली होती तेवढं मला उलट फिरवायचं होतं. निम्म्यावर आलो आणि घंटा दोनदा वाजली.

पापुद्रे पडले. टॅप्सेलने या वेळी कडवं म्हटलं नाही. बाकीच्यांना काही माहीत नव्हतं, पण खोलीत काहीतरी बिनसलं की माणसांना कळतं. मग नळीतून आवाज आला. “अलीकडे” नाही, “पलीकडे” नाही. “फायर बंद, फायर बंद,” असं कुणीतरी म्हणत राहिलं.

फैर तुझ्या टगवर पडली नाही आणि तराफ्यावरही पडली नाही. मधे पडली, तुमच्या तारेवर. मी हँडलला हात लावला नसता तर कुठे पडली असती, हे आता कुणी शपथेवर सांगू शकत नाही. आधी ओरडलो असतो तर तुझी बोटं असती, हे मात्र मी सांगू शकतो.

चौकशीला तीन अधिकारी बसले होते. मी घडलं तसं सांगितलं. मग अ‍ॅव्हरिलसाहेबांना विचारलं, पेस्कॉटने रेघेबद्दल आपल्याला सांगितलं होतं का? त्यांना ‘ऐकू आलं नाही’ म्हणता आलं असतं. आवाज किती असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, “सांगितलं होतं. दोनदा. मी मानलं नाही.” त्यानंतर ते पाणी प्यायला लागले आणि पेला खाली ठेवेनात. मला त्यांचा राग येत होता, तो तिथे संपला.

टॅप्सेल म्हणाला, “मी माझ्या काट्याकडे बघत होतो, साहेब.” बाहेर आल्यावर मला म्हणाला, “काय सांगू? पाहिलं म्हणालो असतो तर थांबवलं का नाहीस म्हणाले असते. थांबवलं का नाही, ते मलाच माहीत नाही.”

मग मधल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, “तुझा भाऊ त्या टगवर होता, हे तुला आधीपासून माहीत होतं?”

“हो, साहेब.”

“तो नसता, तर तू यंत्राला हात लावला असतास?”

“माहीत नाही, साहेब.”

“हे उत्तर नाही.”

“माझ्याकडे एवढंच आहे, साहेब.”

तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासोबत जेवायला बसतोय. टगवर तुम्ही दहाजण होता ना? समज, त्यात पेस्कॉट नावाचा कुणी नव्हता. मी रेघ सरळ केली असती का? साहेबांनी सांगितल्याप्रमाणे? मला तशीच सवय लावली आहे, आणि मी ती चांगली शिकलोय.

निकाल असा. माचीवरच्या माणसाची बढती गेली. अ‍ॅव्हरिलसाहेब किनाऱ्यावरच्या कचेरीत जातील. मला परवानगीशिवाय यंत्रात ढवळाढवळ केल्याबद्दल कडक समज, आणि बदली. चीनच्या बाजूला निघालेल्या एका क्रूझरच्या बँडमध्ये जागा आहे. जाताना कॅप्टनसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, “लेखी मी यापेक्षा वेगळं काही देऊ शकत नाही.” मग टोपी काढून परत घातली. मी सलाम ठोकला आणि निघालो.

रागावलास तर राग कळव. गप्प बसलास तर या वेळी मी तुझं गप्प बसणं म्हणजे राग असंच धरेन.

अल्बन

‘पेन्ड्रॅगन’, ग्रँड हार्बर
३ जून १९३०

प्रिय रूबेन,

धर्मगुरू म्हणतो, तुला या आठवड्यात हॉस्पिटलच्या जहाजाने घरी नेतायत. हॅस्लरला. हॅस्लर म्हणजे गॉसपोर्ट, म्हणजे आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मला तुला लपवून ठेवता आलं नाही. डॉर्कसला कळलंय.

ती भेटायला येईल. तू नाही म्हणालास तरी येईल, दाराशी बसून राहील, आणि पहारेकऱ्याला चहा पाजून आत येईल. तिचा खोकला गेलेला नाही. तिला हाकलू नकोस, एवढंच. बोलायलाच हवं असं नाही.

मी परवा निघतोय. पत्ता हाँगकाँगचा.

अल्बन

हॅस्लर हॉस्पिटल, गॉसपोर्ट
२० जुलै १९३०

अल्बन,

अक्षर माझं नाही हे तू ओळखलं असशीलच. माझ्या हाताला अजून लाकडी पट्ट्या बांधलेल्या आहेत, आणि वॉर्डातल्या नर्सला मी सांगेन ते लिहायला वेळ नाही. त्यामुळे डॉर्कसला सांगून लिहून घेतोय. मी बोलेन तसंच लिहायचं, मधे काही घालायचं नाही, या अटीवर.

(अट मी मान्य केलेली नाही. — डॉर्कस)

आता तुझ्या टोकाकडून जे दिसलं नाही, ते माझ्या टोकाकडून सांगतो. तू विचारलं होतंस कुठे उभा असतोस. मागे, दोराजवळ. मी आणि मॅनिंग. पहिल्या दोन फैरी आम्ही पाहिल्या. दुसरी तर बघण्यासारखी होती. तराफ्याच्या भोवती पाण्याचे पांढरे खांब उभे राहिले, चर्चच्या मनोऱ्याएवढे, आणि सावकाश खाली बसले. मॅनिंग म्हणाला, “आज यांना पहिला नंबर.” मग तुमचं जहाज धुरात गेलं. धुरातून पिवळा उजेड दिसला. गोळे येताना आवाज आधी येत नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आधी पाणी उठतं, मग आगगाडी डोक्यावरून गेल्यासारखं ऐकू येतं.

खांब आमच्या मागे उठले. इतके जवळ की आम्ही सगळे भिजलो. तार ताठ झाली आणि तुटली, आणि तिचं टोक परत आलं तेव्हा माझा हात कठड्यावर होता. हे कुणाच्या चुकीने झालं, ते मला ठाऊक नाही. हात तिथे ठेवायचा नसतो. मॅनिंग मला रोज सांगत असे.

(याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून आम्ही थोडं थांबलो. तो म्हणतो हे लिहू नकोस.)

मी बोटीचा माणूस आहे, मला अंतर कळतं. ती फैर जिथे पडली तिथून आमच्या बोटीच्या मागच्या टोकापर्यंत फारसं पाणी नव्हतं. तू हँडल निम्मं फिरवलंस म्हणतोस. त्या निम्म्यातच आम्ही दहाजण उभे आहोत. सगळं फिरवायला मिळालं असतं तर बोटं राहिली असती, अजिबात फिरवलं नसतंस तर हे पत्र नसतं. मला हिशेब एवढाच करता येतो, आणि तो मला पटतो.

आता तुझा तो प्रश्न. भाऊ नसता तर. त्या अधिकाऱ्याला खोलीत बसून असले प्रश्न सुचतात. मॅनिंग माझ्या शेजारी उभा होता. त्याला भाऊ नाही, बहीण नाही, अनाथालयातून आलाय, या जगात त्याच्यासाठी हँडल फिरवणारं कुणी नाही. तो सुट्टीवर इंग्लंडला आलाय, आणि आज ब्रॉम्प्टनला त्याच्या होणाऱ्या बायकोबरोबर नाचायला गेलाय. तू कुणासाठी फिरवलंस, ते फैरीला माहीत नव्हतं. जेवताना शेजारी बसवायचं असेल तर मॅनिंगला बसव. खातो भरपूर, पण बडबड बरी करतो.

तुझी पत्रं मला मिळाली होती. उत्तर का दिलं नाही, ते आत्ता या बाईच्या समोर सांगणार नाही.

(मी बाहेर जाऊ का, विचारलं. नको म्हणाला.)

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ती खुर्ची ओढून बसली आणि माझ्या चादरीला काढलेली घडी तिला पसंत पडली नाही म्हणून पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, तुमचा खोकला ऐकून शेजारचा खलाशी झोपू शकत नाही. ती म्हणाली, त्याला सांग, मी त्याच्या घोरण्याबद्दल अजून काही बोललेले नाही. मग मला हसू आलं. हाताला लागतं हसलं की.

डॉक्टर म्हणतात, समुद्रावर परत जाता येणार नाही. ऑगस्टअखेर सोडतील. टगच्या कंपनीने किनाऱ्यावर रखवालदारीचं बघतो म्हटलंय. राहायची जागा नव्हती. बाबांच्या घराची मागची खोली रिकामी आहे का, असं मी काल विचारलं. विचारायला तासभर लागला. खिडकीबाहेर बघून विचारलं.

(रिकामी आहे. मी तिथे कपडे वाळत घालते. आज सकाळी दोऱ्या काढल्या.)

डाव्या हाताने सही करतोय. हसू नकोस.

रूबेन